केस पेपरवर आधी लिहून घ्या : बाळ अंगावर पितं

सदर : सिस्टरला विचारा

प्रश्न : सिस्टर, नमस्कार. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय २५. मुलगी साडेचार महिन्यांची आहे, फक्त अंगावर पिते, वरचं अजून काही दिलं नाही. बाळंतपण नॉर्मल झालं. दीड महिन्यानंतर उजव्या बाजूला बरगडीखाली दुखायला लागलं. सगळे म्हणाले, वात आहे, बाळंतिणीला होतोच. ओवा खाल्ला, शेक घेतला. चौथ्या वेळी इतकं दुखलं की रात्री दोन वाजता मिस्टरांनी मोटरसायकलवर ग्रामीण रुग्णालयात नेलं. इंजेक्शन दिल्यावर थांबलं. सोनोग्राफीत पित्ताच्या पिशवीत खडे निघाले. यवतमाळच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून ऑपरेशन सांगितलं आहे, पुढच्या महिन्याची तारीख आहे. तिथल्या एकांनी सांगितलं, ऑपरेशननंतर पाच दिवस पाजायचं नाही, दूध पिळून फेकायचं, तोवर डब्याचं दूध लावा. सासूबाई म्हणतात, "भुलीचं दूध लेकराच्या डोक्यात जाते वो, आता वरचंच लावून टाक." माझी आई म्हणते, पोरगी वर्षाची होऊ दे, मग कर. घरी कापूस वेचणी सुरू आहे, तूर उभी आहे. मुलीला एकदा बाटली लावून पाहिली तर लालबुंद होईपर्यंत रडली. ऑपरेशन करू की थांबू? आणि पाच दिवस तिला काय देऊ?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : तुझं पत्र दोनदा वाचलं. माझी धाकटी लेक तुझ्याच वयाची, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नकोस.

आधी तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. पाच दिवस काहीही द्यायचं नाही, कारण पाच दिवस पाजणं थांबवायचंच नाही. ऑपरेशनच्या दिवशीच, तू नीट जागी झालीस, विचारलेल्याला बरोबर उत्तर देऊ लागलीस आणि लेकराला हातात धरण्याइतकी सावध झालीस की पाज. दूध पिळून फेकायचं नाही. पहिल्या वेळचंसुद्धा नाही. हे माझ्या मनचं सांगत नाही. ब्रिटनमधल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली याच विषयावर सूचना काढल्या, त्यात हेच आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाची आई भूल उतरून सावध झाली की तिने पाजावं, दूध फेकून देण्याची गरज नाही.

आता मी हे इतक्या तावातावाने का लिहिते ते सांगते.

१९९३ साल. मी वर्धा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर नर्सबाई होते. रोज सायकल काढून वाड्या-वस्त्यांवर जायची आणि बायांना सांगायची, पाजा, पाजा, अंगावरचं पाजा. माझा मुलगा तेव्हा साडेपाच महिन्यांचा. एका रात्री अपेंडिक्स फुगलं, दुसऱ्या दिवशी पोट उघडावं लागलं. तिथे मला सांगण्यात आलं, तीन दिवस पाजू नका. आणि मी, दुसऱ्यांना शहाणपण शिकवणारी, मान हलवून मोकळी झाले. एकदाही विचारलं नाही, काहून? पोट फाडलेलं असलं की माणसाची अक्कलही टाक्यात शिवली जाते बहुधा. दूध तांब्यात पिळायचं आणि मोरीत ओतायचं. दुसऱ्या दिवशी हाताला बळ नव्हतं म्हणून नीट पिळलंच नाही. तिसऱ्या दिवशी डावी बाजू दगडासारखी झाली, अंगात सणकून ताप. पुढे गळू होऊन चिरा द्यावा लागला. तिकडे घरी सासूबाई बिचाऱ्या बाटलीने गाईचं दूध पाणी घालून पाजत होत्या. पोराला हगवण लागली आणि त्याला त्याच दवाखान्यात सलाइन लावायची वेळ आली. मी खालच्या वॉर्डात, तो वरच्या. आता तो एसटीत कंडक्टर आहे, तब्येतीने दणकट आहे. पण ते मोरीत ओतलेलं दूध मला आजही दिसतं. त्यातलं एक थेंबही वाया घालवण्याची गरज नव्हती.

भुलीचं दूध डोक्यात जातं, हे तुझ्या सासूबाईंचं म्हणणं अगदीच बिनबुडाचं नाही, हे लक्षात घे. आईने घेतलेलं औषध रक्तातून दुधात उतरतं, हे खरंच आहे. फरक आहे तो 'किती' आणि 'किती वेळ' यात. दूध म्हणजे टाकी नव्हे, की एकदा औषध पडलं तर ते तळाशी साचून राहील. रक्तात औषध चढलं की दुधात थोडं चढतं, रक्तातून उतरलं की दुधातूनही परत रक्तात जातं. आजकाल ज्या औषधांनी भूल देतात, शिरेतून देतात ते पांढरं प्रोपोफॉल किंवा नळीतून हुंगायला देतात तो वायू, ती अंगातून पटकन उतरतात. तू डोळे उघडून "माझी पोरगी कुठं आहे" असं विचारलंस, याचाच अर्थ तुझ्या रक्तातली मात्रा पार खाली आली. मग दुधात उरलीच किती? आणि ती उरलेली मात्रा लेकराच्या पोटात जाऊन, पचून, तिच्या रक्तात जायची. नगण्य म्हणतात ती हीच. कमरेतून किंवा जागेवर सुन्न करायला जी इंजेक्शनं देतात, त्यांचंही तसंच.

तर भुलीची काळजी सोड. काळजी करायचीच असेल तर ऑपरेशननंतरच्या दुखण्याच्या औषधांची कर. तिथे मात्र माझं बोलणं नीट ऐक. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही पाजणाऱ्या आईला चालतात. उलटीवरचं ऑन्डनसेट्रॉन चालतं. नेहमी देतात ती अँटिबायोटिक्स, सेफ्ट्रिअ‍ॅक्झोन, अमॉक्सिसिलिन वगैरे, चालतात. बाळाची शी जरा पातळ होऊ शकते, घाबरू नये. पण दुखण्यावरचं कोडीन नको. काही बायांच्या अंगात कोडीनचं मॉर्फिन, म्हणजे अफूतलं गुंगी आणणारं औषध, फार भराभर होतं आणि ते दुधातून बाळाला चढतं. खोकल्याच्या काही औषधांतही कोडीन असतं, म्हणून ऑपरेशननंतर खोकला आला तर दुकानातून मनानेच बाटली आणू नकोस. दुसरं दुखण्याचं औषध ट्रॅमाडॉल. आपल्याकडे टाक्यांच्या दुखण्यावर हे सर्रास देतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये कोडीन आणि ट्रॅमाडॉल दोन्ही पाजणाऱ्या आयांनी घेऊ नयेत असा इशारा दिला. ब्रिटनच्या सूचना ट्रॅमाडॉलला सरसकट नाही म्हणत नाहीत, बाळावर नजर ठेवून चालेल म्हणतात. म्हणजे जाणत्यांतही एकमत नाही. मी असते तर डॉक्टरांना आधीच म्हटलं असतं, "साहेब, पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅकवर भागलं तर बघा ना." दुर्बिणीच्या ऑपरेशनात बऱ्याचदा भागतं. पण म्हणून दुखत असताना दात-ओठ खात पडून राहायचं नाही. दुखणाऱ्या आईला पान्हा नीट फुटत नाही.

एवढं सगळं तुला तोंडपाठ करायचं नाही. तुझं काम एकच. दवाखान्यात जो जो माणूस तुझ्या अंगाला हात लावील, त्याला सांगायचं : "माझं बाळ अंगावर पितं." सोनोग्राफीवाल्याला, रक्त काढणाऱ्याला, भूलतज्ज्ञाला, सर्जनला, रात्रपाळीच्या सिस्टरला. विशेष करून रात्रपाळीच्या सिस्टरला, कारण दिवसा डॉक्टरांनी ठरवलेलं रात्री दोनला विसरलं जातं, हे मी स्वतः रात्रपाळ्या केल्यात म्हणून सांगते. आणि केस पेपरच्या पहिल्या पानावर वर, ठळक लिहून घे : बाळ साडेचार महिने, अंगावर पितं. कोणी लिहून दिलं नाही तर तू लिही, पेन घेऊन जा. पदराआड ठेवायची गोष्ट नाही ती. आपल्या बायांना तपासणी करणारा पुरुष डॉक्टर दिसला की "दूध पाजते" हे तोंडातून निघत नाही. मग तो बिचारा नेहमीचीच गोळी लिहितो.

ज्याने पाच दिवस सांगितले त्याच्याशी भांडू नकोस. जुनी पद्धत तशीच होती, कित्येक जण अजून तेच सांगतात. तू थेट भूलतज्ज्ञांना भेट. ऑपरेशनआधी ते तपासणीला बोलावतातच. त्यांना विचार, "तुम्ही कोणती औषधं देणार, आणि मी शुद्धीवर आले की पाजू ना?" हो म्हणाले तर तेही पेपरवर लिहून घे. तुझ्या अंगात दुसरं काही दुखणं असेल किंवा एखादं वेगळंच औषध द्यावं लागणार असेल तर ते सांगतील, तेव्हा त्यांचं ऐकायचं. आणि डब्याच्या दुधाची कोणी दवाखान्यातच जाहिरात करत असेल तर त्याला विचार, याला कायदा परवानगी देतो का. १९९२ च्या कायद्याने आईच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांची जाहिरात आणि दवाखान्यातून प्रचार, दोन्हीला बंदी आहे.

आता, करू की थांबू. तारीख ठरवणं सर्जनचं काम, पण तुझ्या आईसाठी दोन शब्द. खडे असूनही त्रास नसेल तर कित्येकदा ऑपरेशन करतच नाहीत. तुझं तसं नाही. तीन महिन्यांत चार वेळा दुखलं, एकदा तर इंजेक्शन घ्यावं लागलं. अशा वेळी वर्षभर थांबणं म्हणजे जुगार. खडा पिशवीतून घसरून नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, आणि मग मध्यरात्री गाडी करून धावावं लागतं. त्या वेळी ना दूध काढून ठेवायला सवड मिळते, ना भूलतज्ज्ञाशी बोलायला. आज तुझ्या हातात महिना आहे. हा महिना सोन्यासारखा वापर.

आणि हो, लाडू. तू लिहिलं नाहीस, पण बाळंतिणीच्या घरात डिंकाचे लाडू नाहीत असं कसं होईल? तूप, खोबरं, मेथी, खारीक. हे खडे लाडवांनी झाले असं मात्र कोणी सासूबाईंना म्हणू नका. गरोदरपणात अंगातल्या हार्मोन्समुळे पित्त घट्ट होतं आणि पिशवी सुस्तावते, खडे बहुतेक तेव्हाच बसले. पण तुपाचा पदार्थ पोटात गेला की पिशवी आवळते, खडा दाराशी येऊन बसतो आणि कळ उठते. म्हणून ऑपरेशन होईस्तोवर लाडू, तळणीतले वडे, तर्रीवरचं तेल बंद. भाकरी, वरण, पालेभाजी, शिजवलेल्या डाळी, ताक, फळं खा. उपाशी राहू नकोस, दूध तुला स्वतःच्या अंगातून द्यायचं आहे. आणि "तूप बंद केलं तर दूध आटेल" असं घरात कोणी म्हणालं तर सांग, दूध येतं ते लेकरू ओढतं म्हणून.

आता ऑपरेशनचा दिवस. शहरातल्या बायांना सांगतात, महिनाभर आधी दूध काढा, डीप फ्रीझरमध्ये साठवा. आपल्याकडे लाइट कधी जाते नि कधी येते त्याचा भरवसा नाही, आणि फ्रीज असला तरी त्यात गावभराच्या दह्याचं विरजण. म्हणून मी साठवणीवर भर देत नाही. हिशेब कर. सकाळी सात-साडेसातला पाजलंस, नऊला आत नेलं, दुर्बिणीचं ऑपरेशन तासाभराचं धर, मग शुद्धीवर येणं, थोडी गुंगी. दुपारी बारा-एकपर्यंत तू पाजण्यासारखी होशील. म्हणजे मधे एक, फार तर दोन वेळचं दूध लागेल. तिला दिवसभरात साधारण पाऊण लिटर दूध लागतं. आठ वेळा पीत असेल तर एका वेळेला शंभर मिली, म्हणजे छोटी वाटीभर. दोन वाट्या दूध आणि लेकरू घेऊन आजी दवाखान्याच्या आवारात, एवढाच तुझा बेत.

लेकीला घरी ठेवू नकोस, सोबत ने. दोन माणसं लागतील, एक तुझ्यापाशी आणि एक फक्त तिच्यापाशी. तूर उभी असो की कापूस असो, त्या दोन-तीन दिवसांसाठी मिस्टरांना नाही सुटली शेती तर तुझा भाऊ, चुलत जाऊ, कोणीतरी. रात्री लेकरू वॉर्डात झोपवायची गरज नाही. जवळ नातेवाईक असतील तर तिथे ठेवा आणि पाजायला आणा. वॉर्डात लहान मूल आणू देतात का, ते भेटीच्या वेळी सिस्टरला आधीच विचारून ठेव, ऐनवेळी दारातल्या वॉचमनशी हुज्जत नको. तीन-चार तासांच्या वर खंड पडत असेल तर वॉर्डातच हाताने दूध काढ, नाहीतर माझ्यासारखी गत होईल.

हाताने काढायची सवय आजपासून कर. पहाटे पहिल्यांदा पाजल्यानंतर बस. हात साबणाने धू. वीस मिनिटं उकळलेली स्टीलची वाटी घे. अंगठा वर, दोन बोटं खाली, स्तनाग्रापासून दोन बोटं मागे. आधी छातीकडे दाब, मग बोटं आणि अंगठा एकमेकांकडे आण. ओढायचं नाही, घासायचं नाही. पहिल्या दिवशी चमचाभर निघेल, हिरमुसू नकोस, आठवड्यात वाटी भरेल. पुस्तकात चार तास टिकतं म्हणतात ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत. पुढच्या महिन्यात थंडी आहे, तुझं जमून जाईल. वाटीवर झाकण आणि ओलं फडकं, सावलीत. हेच मे महिना असता तर अकोल्या-चंद्रपूरच्या उन्हात मी तासाभराच्या वर विश्वास ठेवला नसता. फ्रीज मिळाला तर आतल्या बाजूला ठेवा, दारात नाही, आणि दिवसाच्या आत वापरा. साय वर येईल, दूध नासलं असं नाही, हलवून घ्यायचं. गरम करायचं तर वाटी कोमट पाण्यात ठेवा, चुलीवर चढवू नका.

बाटली तिला नको आहे, ते बरंच आहे. बोंडलं किंवा वाटी-चमचा. ऑपरेशनच्या आठवडाभर आधी रोज एकदा आजीने तसं पाजून पाहायचं. त्या वेळी तू घरात नसायचंस. तुझा वास आला की ती वाटीला हात मारेल. मागे शेजारी जा, हरभऱ्याचं रान पाहून ये.

भुलीआधी उपाशी राहावं लागतं. साधारणपणे हलकं जेवण सहा तास आधीपर्यंत आणि साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, नेमकं भूलतज्ज्ञ सांगतील. पण आपल्याकडे काय होतं? "रात्री दहानंतर तोंडात काही घालू नका" म्हणतात आणि नंबर लागतो दुपारी तीनला. पाजणारी बाई सतरा तास कोरडी! म्हणून लिस्टमध्ये पहिला नंबर मागून घे. मागितलं तर देतात, कारण पाजणारी आई हे सबळ कारण आहे. आत नेण्याच्या अगदी आधी पोटभर पाज. सोबत पुढून बटणांचा सैल गाऊन ने, दवाखान्याचा मागून बांधायचा असतो आणि त्यात पाजता येत नाही.

नंतर पोटावर तीन-चार छोटी भोकं असतील. खांदाही दुखेल, घाबरू नकोस, पोटात भरलेल्या वायूमुळे तो दुखतो, एक-दोन दिवसांत जातो. पाजताना कुशीवर झोप, किंवा पोटावर गोधडीची घडी ठेवून लेकरू काखेखालून बाजूला घे, म्हणजे तिचे पाय तुझ्या टाक्यांवर पडणार नाहीत. ही साडेचार महिन्यांची पोरं लाथा काय मारतात! पहिले चोवीस तास मात्र तिला कुशीत घेऊन झोपायचं नाही. पाजून झालं की आजीने उचलून बाजूला न्यायचं. गुंगीत कूस बदललीस तर कळणार नाही. आपल्या घरात खाटेवर तिघंचौघं झोपतात, तुम्हाला हा सल्ला शहरी वाटेल, पण या एका रात्री मान.

लेकरू तू उचलायचं नाही, लेकरू तुझ्या हातात द्यायचं. झोळीतून काढायचं तर दुसऱ्याने काढायचं. पाण्याचा हंडा, सरपण, कापसाचं गाठोडं, कमरेला फडकं बांधून वेचणी, हे सगळं सर्जन हो म्हणेपर्यंत बंद. वेचणीची मजुरी बुडेल, खरं आहे. पण टाका उकलून पुन्हा दवाखान्यात जाणं महाग पडेल.

लेक नेहमीपेक्षा जास्त सुस्त झाली, उठवली तरी ओढून पीत नसेल, अंग ढिलं पडलं किंवा श्वास मंद वाटला तर तुझी गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे. तुला ताप आला, डोळे-लघवी पिवळी झाली, पोट वाढतं दुखायला लागलं, टाक्यातून पू आला तर पुन्हा दाखवायच्या तारखेची वाट पाहायची नाही. छातीला गाठ होऊन लाल झाली तर पाजणं थांबवू नकोस, त्याच बाजूने पाज आणि डॉक्टरांना दाखव.

पैशाचं म्हणशील तर रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला भेट आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुझं ऑपरेशन त्या दवाखान्यात बसतं का ते विचार. भरती होण्याच्या आधी विचार, नंतर नाही. नाहीच जमलं तर यवतमाळचं सरकारी मेडिकल आहे, वर्ध्याजवळचं सेवाग्रामचं रुग्णालय आहे. तुमच्या आशाताईलाही सांगून ठेव, तिला ही धावपळ माहीत असते.

ऑपरेशन झालं की मला एक कार्ड टाक. पोरगी वाटीने प्यायली का, ते मला ऐकायचं आहे.

प्रश्न : सिस्टरबाई, सुनेचं अचानक ऑपरेशन झालं, ती नागपूरले दवाखान्यात आहे, आठ दिवस तरी लागतील म्हणते. नातू सात महिन्याचा माझ्यापाशी आहे. दिवसा खाते, पण रात्री आईसाठी रडते. मध चाटवू का? गाईच्या दुधात पाणी टाकून देऊ का?
— एक आजी, ता. आर्वी

उत्तर : आजीबाई, तुम्ही एकट्या रात्र काढताय, तुम्हाला आधी नमस्कार. मध नको. वर्षाच्या आतल्या लेकराला मधातून एक वाईट विषबाधा होऊ शकते, आपल्या झाडावरचा मध असला तरी. दुधात पाणी घालून पाजणंही नको. सात महिन्यांचा आहे म्हणजे मऊ खिचडी, वरणात कुस्करलेला भात, उकडलेला बटाटा, ज्वारीच्या पिठाची पातळ लापशी, पिकलेलं केळं, थोड्या तेला-तुपासह, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं भरवा. भांडी उकळून घ्या, पाणीही उकळलेलं. वरचं दूध द्यावंच लागलं तर कोणतं आणि कसं, ते गावातल्या नर्सबाईला विचारा.

आणि सुनेला निरोप पाठवा. वॉर्डात तिने दर तीन तासांनी हाताने दूध काढायचं, नातू तिथे नसला तरी. नाहीतर आठ दिवसांत आटेल आणि पोरगं परत छातीशी आलं की काही मिळणार नाही. कोणी नागपूरला रोज जाणं-येणं करत असेल तर बर्फाच्या डब्यात आणताही येईल. दोन-तीन दिवसांनी नातवालाच भेटायला नेता आलं तर उत्तम. रात्री झोळीत तिची वापरलेली सुती साडी अंथरा, न धुतलेली. वासाने बराच शांत होतो, मी माझ्या घरात केलं आहे.

प्रश्न : दुसरं बाळ दहा महिन्यांचं आहे, प्राथमिक आरोग्य केंद्रात कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनचा कॅम्प आहे. पाजते म्हणून नाही करणार का? आणि दाढ पण काढायची आहे.
— एक वाचक, जि. वाशिम

उत्तर : पाजणाऱ्या बाईला हे ऑपरेशन करता येतं. बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत किंवा सहा आठवड्यांनंतर करतात, तुमचे तर दहा महिने झाले. फक्त दिवस गेलेले नाहीत ना, याची तपासणी करून घ्या. पाजताना पाळी येत नाही म्हणून कित्येक जणी निर्धास्त असतात. कॅम्पला जाताना बाळ आणि बाळ सांभाळणारी व्यक्ती सोबत न्या. तिथे जागा सुन्न करून वर थोडं गुंगीचं औषध देतात, नीट जाग्या झालात की पाजा. घरी जाताना दुखण्याची गोळी कोणती दिली ते पाकिटावर वाचा, वाचता येत नसेल तर सिस्टरला वाचायला लावा.

दाढेसाठी हिरडीत इंजेक्शन देतात, त्याने पाजण्याला काहीच होत नाही. खुर्चीवरून उठून, तोंडात कापूस असतानाच पाजलं तरी चालेल.